उगवतीचं बाकडं, मावळतीचं बाकडं

उमरग्याला मोटारी थांबत तिथं, सडकेच्या कडेला चिंचेखाली, खाजामियाँचा चहाखाना होता. चहाखाना हे आपलं म्हणायला. वर पत्रे, मागं भट्टी, पुढं दोन बाकडी, एवढाच पसारा. पण त्या दोन बाकड्यांचं नाव पार मुरुमपर्यंत गेलं होतं. तिकडून सोलापूरची मोटार यायची, इकडून हैदराबादची, आणि उतरलेला नवखा माणूस कुठंही टेकला की खाजामियाँ भट्टीपासून ओरडायचा, "भाईसाब, आपण कोणच्या बाजूचे?"

माणूस दचकायचाच. निजामाचं राज्य, दिवस लढाईचे, आणि हा अनोळखी दाढीवाला बाजू विचारतोय! काहीजण तर पिशवी उचलून उभेच राहत. मग समोरून विष्णुपंत मास्तर चष्मा वर सरकवून सांगत, "घाबरू नका हो. जातपात विचारत नाहीत ते. हैदराबाद मोठं की पुणं मोठं, तेवढं सांगा आणि त्या बाजूला बसा."

उगवतीकडचं बाकडं हैदराबादचं, मावळतीकडचं पुण्याचं. ज्या गरिबानं दोन्ही शहरं बघितलेली नसत, तो मधल्या दगडावर बसून चहा प्यायचा. त्याची दोन्ही बाजूंनी मनापासून कीव केली जाई.

खाजामियाँ मूळचा उमरग्याचाच. पण मिसरूड फुटायच्या वयात तो घरातून पळाला आणि थेट हैदराबादला जाऊन पोचला. मुसी नदीच्या काठाला अफजलगंजात एका चहाखान्यात राहिला. बाप वारल्यावर परत आला तो तीन गोष्टी घेऊन आला. एक पितळी समोवार म्हणजे चहाचा बंब, एक चारमिनारची रंगीत तसबीर, आणि जन्मभर पुरेल एवढा बोलण्याचा विषय. आल्यापासून जे हैदराबाद सुरू झालं ते काही थांबलं न्हाय. पाऊस पडला तर हैदराबादचा पाऊस, वांगी शिजली तर हैदराबादचे बघारे बैंगन. त्याची बायको बेगमबी शेजारणींना सांगायची, "निकाह माझ्याशी लागला खरा, पण सवत आधीच घरात येऊन बसली होती. चार मिनारांची!"

आणि विष्णुपंत? ते तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरचे, पण शिकायला पुण्यात राहिलेले. उमरग्याच्या शाळेत मराठीचे मास्तर म्हणून आले. स्वच्छ धोतर, काळी टोपी, बारीक आवाज. पहिल्याच दिवशी ते चहाखान्यात आले, कप संपवला, बशी पालथी घातली आणि उठता उठता म्हणाले, "चहा बरा आहे हो. पण पुण्याच्या चहाची सर नाही."

झालं! खाजामियाँच्या हातातली किटली हातातच राहिली. असलं वाक्य त्याच्या भट्टीसमोर कुणी उच्चारलं नव्हतं.

"पुण्याचा चहा?" तो म्हणाला. "पंत, पुण्यात चहा करतेत व्हय? म्या तर ऐकलं, तिथं लोक पाहुणा गेल्यावर दार लावून एकटेच पितेत."

"आणि तुमच्या हैदराबादला पाहुणा चहा प्यायला येतो तो चार दिवस जातच नाही, असं मी ऐकलंय."

"जाऊ कायकू देतील? पाहुणा है वो!"

तिथनं जे जुंपलं ते वर्षानुवर्षं जुंपलेलंच राहिलं. शाळा सुटली की पंत यायचे, मावळतीच्या बाकड्यावर उपरणं झटकून बसायचे आणि म्हणायचे, "हं. काल कुठवर आलो होतो?"

ऐकणाऱ्याला पोटभर करमणूक होती. खाजामियाँ म्हणायचा, हैदराबादेत हमालसुद्धा ओझं टाकताना शेर म्हणतो. पंत म्हणायचे, पुण्यात टांगेवाला घोड्याला नाटकातलं पद ऐकवतो आणि घोडा तालात चालतो. खाजामियाँ लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्या काढायचा, पंत तुळशीबाग पुढं करायचे. खाजामियाँ मुशायऱ्याची रंगत सांगू लागला, एकेका शेराला लोक कसे उठून वाहवा करतात ते उभं राहून करून दाखवू लागला, की पंत शांतपणे म्हणायचे, "आमच्याकडं व्याख्यानाला लोक तिन्हीसांजेपासून सतरंजीवर जागा धरून बसतात. वाहवा करत नाहीत. घरी जाऊन चुका काढतात."

"हेच ते!" खाजामियाँ मांडीवर थाप मारायचा. "चुका काढाया जातेत! मजा कोण करायचं मग?"

"चुका काढण्यातच मजा असते, खाजामियाँ. तुम्हाला नाही कळायची."

नुसत्या तोंडाच्या वाफा नव्हत्या त्या. वादाला नेम होता, आणि त्या नेमावर निम्म्या उमरग्याची संध्याकाळ अवलंबून होती. सांजची मोटार आली की तिच्यातून जो पहिला उतरेल तो पंच. त्याच्यापुढं दोघांनी आपापल्या शहराची बाजू मांडायची. पंच सांगेल ते शहर जिंकलं, आणि जिंकलेल्या शहराचा चहा त्या सांजेला भट्टीवर चढायचा. हैदराबाद जिंकलं तर समोवारमधला काढा वेगळा, आटवलेलं दाट दूध वेगळं, कपात दोन्हींची गाठ. पुणं जिंकलं तर पितळी पातेल्यात पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं एकदम, वर आलं आणि वेलची, आणि उकळ्यांवर उकळ्या. पुण्याचा चहा करताना खाजामियाँचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. पण करायचा मात्र चोख. एकदा पंतांनी घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाले, "अगदी तिथल्यासारखा." तर हा म्हणतो, "हारल्याचा चहा खराब केला तर लोक म्हनतील, हैदराबादी माणूस बेइमान है."

पंच कधी बायाबापडी असत, कधी बैल विकून आलेले शेतकरी. एकदा जळकोटचा एक आजोबा उतरला. दोघांचं सगळं ऐकून घेतलं, कानामागची बिडी काढली आणि विचारलं, "ह्या दोन्ही गावांत आमच्या जळकोटचं कुणी ऱ्हातंय का?" न्हाय म्हटल्यावर म्हणाला, "मग कशाची मोठी!" त्या दिवशी कुणाचाच चहा झाला न्हाय. सगळ्यांनी पाणी पिऊन घर गाठलं.

दोघांच्या मधे आगीत तेल ओतायला चन्नबसप्पा होता. समोरच त्याचं आडतीचं दुकान, ज्वारी-तुरीची पोती. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि मन सोलापुरात. तो दुकानाच्या पायरीवरनंच म्हणायचा, "तुमची दोन्ही गावं ऱ्हाऊ द्या बाजूला. थंडीत पांघरता ती चादर कुठली, तेवढं सांगा." तेवढं म्हटलं की हैदराबाद आणि पुणं एक होऊन त्याच्यावर तुटून पडत. तो खूश होऊन हसत बसायचा.

चहाखान्याच्या भिंतीला चारमिनारची तसबीर होतीच. एका दिवाळीच्या सुट्टीत पंत पुण्याला मेव्हण्याकडं जाऊन आले आणि येताना पर्वतीचं चित्र घेऊन आले. टेकडी, पायऱ्या, वर देऊळ. म्हणाले, "लावा शेजारी. एकट्या चारमिनारला करमत नसेल." खाजामियाँनं कुरकुर केली, मग स्वतःच खिळा ठोकला, आणि चारमिनारपेक्षा बोटभर खाली ठोकला. पंतांच्या ते लक्षात आलं. पण ते बोलले न्हाईत. दुसऱ्या दिवशी खिळा वर सरकलेला होता.

आता ह्या सगळ्यात एक गोष्ट अशी होती, जी दोघांना ठाऊक होती आणि बाकी कुणाला न्हाय.

उन्हाळ्यातली टळटळीत दुपार होती. सडकेवर चिटपाखरू न्हाय, मोटार वाटेत कुठं बंद पडलेली. त्या काळात मोटारी कोळशावर चालायच्या, त्या निम्म्या वाटेत धाप टाकायच्या. बाकड्यांवर दोघंच. कसं कोण जाणे, पंत बोलून गेले, "खाजामियाँ, पुण्यात मी वार लावून जेवलो. सोमवार एकाच्या घरी, मंगळवार दुसऱ्याच्या. शनिवारचं घर काही मिळालं नाही. शनिवारी पर्वतीवर जाऊन बसायचो. वरून सगळ्या पुण्याच्या चुलींचा धूर दिसायचा. नाटकाची पदं म्हणाल तर थेटराच्या मागच्या भिंतीला कान लावून ऐकली. तिकिटाला कुठं होतं काय?"

खाजामियाँनं खांद्यावरचं फडकं काढून मांडीवर त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "आणि म्या कपबश्या विसळायचो, पंत. भट्टीपाशीच निजायचो, गरम राख असायची म्हनून. मुशायऱ्याला गेलो, पर चहाची किटली घेऊन. लोक शेर ऐकायचे, म्या कप भरायचो. एकदा वाहवा म्हनलो तं मालक डोळे वटारून बघाया लागला."

दोघंही हसले. त्यानंतर भांडणं किती कडाक्याची झाली, एकमेकांच्या शहराची सालटी काढली, पण शनिवारचं घर आणि कपबश्या हे दोन हुकमाचे पत्ते कुणी कधी टाकले न्हाईत. नुसता तेवढा शब्द काढला असता तरी समोरचा आडवा झाला असता. काढला न्हाय. प्रेम दुसरं कशाला म्हणायचं?

मग सत्तेचाळीस साल उजाडलं. सरहद्दीच्या पलीकडच्या मुलखात झेंडा बदलला आणि अलीकडं हवाच बदलली. हैदराबाद आणि पुणं हे शब्द आता मोठ्यानं उच्चारायचे राहिले न्हाईत. बाजू विचारली की लोक खरोखरच घाबरू लागले, आणि आता घाबरू नका म्हणायला पंतांचीही जीभ रेटेना. खाजामियाँनं मोटारीतून उतरणाऱ्यांना विचारायचं सोडून दिलं. निजामाच्या बाजूची, बंदुका घेतलेली माणसं गावोगाव फिरत होती. पैसेवाली घरं सोलापूरकडं, बार्शीकडं निघाली होती. संक्रांतीच्या सुमाराला पंतही बायको-लेकीला घेऊन पुण्याला मेव्हण्याकडं निघाले.

मोटारीपाशी दोघं उभे होते. शेवटी पंत म्हणाले, "थोड्या दिवसांचं आहे. निवळलं की येतो. माझी जागा धरून ठेवा."

"तुमच्या बाकड्यावर कुनाला बसू देतो व्हय!" खाजामियाँ म्हणाला. आणि मोटार हलली तसा मागनं ओरडला, "आणि तिथं जाऊन हैदराबादची बदनामी करू नका!"

पंत गेले आणि खाजामियाँचं सगळं बिनसलं. मावळतीचं बाकडं रोज पुसायचं, पण बसणारं कुणी न्हाय. सांजची मोटार यायची, पहिला माणूस उतरायचा, आणि खाजामियाँ हैदराबादची बाजू मनातल्या मनात मांडायचा. पण समोरून हाणून पाडणारा नसेल तर बाजू कसली ती! नुसतं स्वतःची पाठ खाजवणं. चार दिवस त्यानं कळ काढली. पाचव्या दिवशी बेगमबी चहाखान्यात डोकावली, तर हा मावळतीच्या बाकड्यावर बसलेला आणि समोरच्या रिकाम्या बाकड्याकडं बोट करून बोलतोय, "हमालाचे शेर घेऊन बसलात! आमच्या पुन्यात टांगेवाल्याचा घोडा तालात चालतो, घोडा!"

"अजी," बेगमबी दारातच थबकली. "डोकं ठिकाणावर है ना? कुनाशी भांडता?"

"पुन्याच्या बाजूनं कुनीतरी बोलाया नको?" तो म्हणाला. "पंतांची जागा म्या धरून ठेवलीय. नुस्तं बाकडं पुसलं म्हंजे झालं का?"

बेगमबीनं कपाळाला हात लावला. पण त्या सांजेला पुणं जिंकलं आणि आल्याचा वास सडकेपर्यंत गेला, तेव्हा चन्नबसप्पा न बोलवता येऊन चहा पिऊन गेला. पुढं हे रोजचंच झालं. एक दिवस हैदराबाद, एक दिवस पुणं. आणि खरं सांगायचं तर पुण्याच्या बाजूनं बोलताना खाजामियाँला जोर जास्त चढायचा. पंतांची सगळी वाक्यं तोंडपाठ होती त्याला, बारीक आवाजासकट.

ह्या पुण्याच्या बाजूनंच घात केला. एका दुपारी बंदुकवाली माणसं चहा प्यायला थांबली. त्यांतल्या एकाची नजर भिंतीकडं गेली. हे देऊळ कुठलं, म्हणाला. खाजामियाँ खोटं बोलू शकला असता. कुठलीही टेकडी सांगितली असती तर चाललं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "पुन्याची पर्वती है साहब. एका पाहुण्याची अमानत है." अमानत म्हणजे जपायला दिलेली ठेव. त्यांनी ती ठेव भिंतीवरनं ओढली, काठीनं फोडली, आणि कपबश्याही फोडल्या. जाताना म्हणाले, हैदराबादचं खातोस आणि पुण्याचं गातोस! खाजामियाँ काचा वेचत बसला. बोट कापलं तरी वेचतच होता. "पंतांना काय सांगू?" एवढंच म्हणत होता.

भादव्यात फौज आली. सोलापूरकडनं धुरळा उठला, रणगाडे जळकोटवरनं उमरग्यात आले आणि थेट हैदराबादच्या रोखानं निघून गेले. निजामाचं राज्य गेलं. त्यानंतरचे काही दिवस फार वाईट होते. बदला घ्यायला निघालेल्यांना माणसं दिसत नव्हती, नावं दिसत होती. चन्नबसप्पानं खाजामियाँला आणि बेगमबीला आपल्या आडतीच्या कोठारात पोत्यांमागं ठेवलं आणि स्वतः पायरीवर बसून राहिला. कुणी विचारायला आलं की कानडीत असं काही हासडायचा की पुढचा मागं फिरायचा. दोघं वाचले. चहाखान्याचे पत्रे मात्र गेले, समोवार गेला. जो सहा महिन्यांपूर्वी पुण्याचं गातो म्हणून कपबश्या फोडून घेऊन बसला होता, तो आता हैदराबादवाला म्हणून लुटला गेला. ह्याला काय म्हणावं?

थंडी पडता पडता खाजामियाँनं पुन्हा भट्टी पेटवली. चन्नबसप्पानं पोत्यांचं छप्पर घालून दिलं. पण माणूस तो राहिला न्हाय. भिंतीवर दोन चौकोनी डाग होते, एका पर्वतीचा आणि एका चारमिनारचा. चारमिनार फोडलेला नव्हता. त्यानंच उतरवून, रजईत गुंडाळून, बेगमबीच्या पेटीत तळाला घातला होता. कुणी विचारलं, काय हो, तुम्ही हैदराबादला होता ना, तर म्हणायचा, "आपल्याला काय ठाऊक." चहा एकच करायचा, ना इकडचा ना तिकडचा, गूळपाणी असावं तसा. बाकडी दोन्ही तिथंच होती, पण उगवतीच्या बाकड्यावर तो पालथी पातेली वाळत घालायचा. बेगमबी चन्नबसप्पाला म्हणाली, "भाऊ, सवत घरातनं गेली तर बाईला बरं वाटायला पाहिजे. मला भ्या वाटतंय. हा माणूस बोलत न्हाय."

संक्रांत पुन्हा आली. सांजची मोटार सोलापूरकडनं आली आणि तिच्यातून पहिला माणूस उतरला तो विष्णुपंत. धोतर तेच, टोपी तीच. गालफडं बसली होती. त्यांनी आधी मावळतीचं बाकडं बघितलं, ते पुसलेलं होतं. मग उगवतीचं बघितलं, तिथं पातेली होती. मग भिंत बघितली.

खाजामियाँ भट्टीपासून उठला. गळ्यात पडावं असं त्याच्या मनात होतं, पण पाय पुढं झाले न्हाईत. हात जोडून उभा राहिला. "पंत," तो म्हणाला, "तुमची पर्वती न्हाय राखता आली मला. माफ करा. आणि तुमी जिंकलात. पुणं मोठं. आता हैदराबादचं नाव ह्या भट्टीवर न्हाय निघायचं."

पाच-पन्नास माणसं मोटारीच्या आजूबाजूला होती. विष्णुपंत मास्तर शाळेत कधी पोरावर ओरडलेले कुणी ऐकले नव्हते. त्या दिवशी त्यांचा बारीक आवाज फाटला.

"जिंकलो? कोणी ठरवलं? पंच कोण होता? वाद झाला का? मी इथं नाही, तुम्ही तोंड उघडत नाही, आणि मी जिंकलो? खाजामियाँ, पुण्यात मी वार लावून जेवलो. सहा घरचं जेवलो, शनिवारी उपाशी राहिलो. आता ह्या वयात तुमच्या दारी फुकटची जीत वाढून घेऊ? पुन्हा वार लावू? नको मला! उचला ते ताट!"

चन्नबसप्पा पायरीवरून उठून उभा राहिला. पंतांचं वार लावणं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. जो पत्ता खाजामियाँनं कधी त्यांच्यावर टाकला न्हाय, तो त्यांनी स्वतःच स्वतःवर टाकला, भर सडकेवर.

"वर्षभर पुण्यात होतो," पंत दम खाऊन म्हणाले. "तिथं सगळेच पुण्याच्या बाजूचे. कशालाही माना डोलावतात. भांडायला एक माणूस मिळाला नाही मला. अन्न गोड लागेना."

एवढं बोलून ते तरातरा उगवतीच्या बाकड्याकडं गेले. पातेली उचलून खाली ठेवली, उपरणं झटकलं आणि हैदराबादच्या बाकड्यावर बसले. मोटारीच्या माणसांकडं वळून म्हणाले, "मंडळी, हैदराबादची बाजू मांडायला इथं कोणी उरलं नाही. तेव्हा मी मांडतो. हैदराबाद हे फार थोर शहर आहे. तिथं चारमिनार आहे. तो मुसी नदीच्या ऐन पात्रात बांधलेला आहे."

खाजामियाँची मान हलली. फडकं उचलून कप पुसू लागला.

"पावसाळ्यात चारमिनारला नावेनं जावं लागतं," पंत म्हणाले. "तिथला लाड बाजार तर विचारूच नका. लहान मुलांचे लाड करायची खेळणी मिळतात तिथं. लाकडी बैल, घोडे."

कप पुसणारा हात थांबला. ओठ हलले. बेगमबी मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडात धरला.

"तिथल्या बिर्याणीत," पंत सावकाश म्हणाले, "गूळ घालतात. आणि हैदराबादी चहा म्हणजे काय, तर पाणी, दूध, पत्ती सगळं एकदम टाकायचं आणि वर ठेचून आलं..."

"अहो, नक्को!" खाजामियाँनं फडकं भट्टीवर आपटलं. "नक्को पंत! बस करा! गूळ? बिर्यानीत गूळ? तुमच्या पुन्यात वरणात घालता तो कमी पडला काय? आणि आलं! काढा येगळा, दूध येगळं, किती साल सांगतोय तुमाला, डोस्क्यात शिरंना! चारमिनार पात्रात न्हाय, मुसी पार मागं पुलाखाली ऱ्हाती, अफजलगंजातनं पूल वलांडून पत्थरगट्टीतनं सरळ चालत जायचं. म्या रोज गेलोय, खांद्यावर किटली घेऊन! आणि लाड बाजारात बैल? बांगड्या, पंत, बांगड्या! लाखेच्या! दिवा लावला की साऱ्या गल्लीची आभाळातली चांदणी व्हती!"

तो थांबला. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्याच्या दाढीतनं पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. भादव्यापासून त्याच्या तोंडून हैदराबादचं एवढं नाव निघालं नव्हतं.

"माझं चुकलं," पंत गंभीरपणे म्हणाले. "मग हैदराबादची बाजू तुम्हीच सांभाळा."

"न्हाय," खाजामियाँ नाक ओढत म्हणाला. "तुमी आता त्या बाकड्यावर बसलाय, उठू नका. चुका झाल्या तर म्या सांगतो. पुन्याची बाजू म्या घेतो."

"तुम्ही? पुण्याची?"

"तुमी गेल्यावर कोण घेत व्हतं?" बेगमबी दारातून म्हणाली. "विचारा की मास्तर! रिकाम्या बाकड्याशी भांडून भांडून पुनं जिंकवलंय ह्यांनी. तुमच्या टांगेवाल्याचा घोडा पाठ झालाय मला."

विष्णुपंतांनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. खाजामियाँ मावळतीच्या बाकड्यावर जाऊन बसला. त्यानं नसलेलं उपरणं झटकलं, मान ताठ केली आणि अगदी बारीक आवाज काढून म्हणाला, "हं. काल कुठवर आलो होतो?"

पंच कोण, म्हणून चन्नबसप्पानं विचारलं. नेमानं पाहिलं तर पहिले उतरलेले पंतच. पण ते तर वादात बसलेले. तेव्हा चन्नबसप्पा स्वतःच दोघांच्या मधल्या दगडावर जाऊन बसला आणि त्यानं आधीच सांगून टाकलं की निकाल सोलापूरच्या बाजूनं लागणार आहे.

बेगमबी घरात गेली. तिनं पेटी उघडली, तळाची रजई काढली आणि पदरानं तसबिरीची काच पुसत बाहेर येऊन ती जुन्या खिळ्याला अडकवली. भट्टी मोकळीच होती. चहा कुणी टाकला न्हाय म्हणून तिनंच पातेलं चढवलं, आणि आलं ठेचायला घेतलं.